लग्नातला खून आणि साहित्यातले सोवळे

आमच्याकडे दर तिमाहीस जे टपाल येते त्यात कविता उदंड, लेख बेताचे आणि कथा मोजक्या असतात. त्या मोजक्या कथांतही आजारपण, बालपणीच्या आठवणी आणि मृत्युशय्येवरील पश्चात्ताप यांचाच भरणा अधिक. अशा टपालात या वेळी धाराशिव जिल्ह्यातील एका तरुण शिक्षिकेकडून चाळीस पानांची एक कथा आली. कथेत ऐन लग्नात खून होतो आणि वाचताना हसू आवरत नाही. आम्ही ती एका बैठकीत वाचून संपवली व छापण्याचे ठरवले. त्यानंतर जे घडले त्यामुळे हा लेखनप्रपंच करावा लागत आहे.

आमच्या दोन आदरणीय हितचिंतकांनी या निर्णयास हरकत घेतली. त्यांपैकी एक मराठीचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या मते रहस्यकथा ही प्रवासात वाचून गाडीतच विसरून येण्याची वस्तू असून वाङ्मयीन त्रैमासिकाने तिला पाने देणे म्हणजे आपला दर्जा आपल्याच हाताने खाली आणणे होय. दुसरे गृहस्थ आमच्या नियतकालिकाचे अगदी आरंभापासूनचे वर्गणीदार. त्यांचा आक्षेप अधिक गंभीर होता. विवाह हा पवित्र संस्कार. त्या मांडवात प्रेत आणून ठेवायचे आणि वर वाचकाला हसवायचे, हे श्रद्धाळू घरात जाणाऱ्या अंकाला शोभते काय, असा त्यांचा सवाल. दोघांविषयी आम्हांस मनःपूर्वक आदर आहे. दोघांचेही म्हणणे आम्हांस साफ अमान्य आहे.

प्रथम कथेविषयी थोडेसे सांगितले पाहिजे, एरवी हा वाद कशावर चालला आहे हे वाचकांना कळणार नाही. नळदुर्गपासून थोड्या अंतरावरचे एक गाव. वैशाखाचे ऊन. वऱ्हाड कळंबकडचे, त्यांचा जानवसा गावच्या शाळेत. बँड सोलापूरहून यायचा, तो दीड तास उशिरा येतो. वरपक्षातील एका वडीलधाऱ्या पाहुण्यांना फेटा बांधायचा राहून जातो आणि ते गृहस्थ चिंचेखाली बाज टाकून रुसून बसतात. त्यांची समजूत घालण्यास एकामागून एक तीन शिष्टमंडळे जातात, आणि तिन्ही तिथेच चहा पीत बसतात. एवढ्यात वार्ता येते की सोयरीक जुळवणारा मध्यस्थ शाळेच्या कोठीत मरून पडला आहे. डोक्याला मार लागलेला. या मध्यस्थाने दोन्ही बाजूंना हुंड्याचे निरनिराळे आकडे सांगून मधला फरक स्वतःच्या खिशात घातलेला असतो. त्यामुळे त्याचा जीव घ्यावासा वाटणाऱ्यांची यादी लग्नाच्या आमंत्रणाच्या यादीहून फारशी लहान नाही.

इथून कथा खरी सुरू होते. दोन्हीकडचे कर्ते पुरुष एकत्र बसतात आणि सोयरीक ठरल्यापासून प्रथमच त्यांचे एखाद्या गोष्टीवर एकमत होते: मध्यस्थ उन्हाची चक्कर येऊन पडला. मुहूर्त टळता कामा नये. आधी अक्षता पडू द्या, पंगती उठू द्या, मग काय ते पाहू. कोठीला कुलूप लागते. पुढे त्या कुलपाची किल्ली हरवते आणि ती शोधण्यासाठी जी धावपळ होते ती लेखिकेने फार बहारीची रंगवली आहे.

हे सारे पाहत असते आक्का, वधूची आत्या. ती विधवा आहे. हळदीला, ओटी भरायला, ओवाळायला तिला कोणी पुढे येऊ देत नाही. म्हणून तिला मांडवाच्या दाराशी एका कोपऱ्यात बसवून आहेराची वही लिहावयास दिलेली आहे. कोण आले, कोणाच्या आधी आले, कोणाबरोबर आले, पाकिटात किती घातले, हे सगळे त्या वहीत ओळीने उतरत जाते. सबंध लग्नात माणसांच्या येण्याजाण्याचा क्रम नोंदलेला कागद तेवढा एकच. ‘आधी अक्षता पडू द्या’ हा निरोप तिच्यापर्यंत पोहोचतो तेव्हा ती मान वर न करता म्हणते, ‘‘जेवणं झाल्यावर बघू म्हंता, म्हंजी बघनारच न्हाई.’’ आणि तपासाला लागते. ऐन मोक्याला वहीचे एक पान एका उस्मानाबादी शेळीच्या पोटात जाते. ती शेळी कोणाची, आणि ती आपण होऊन आली की कोणी आणून सोडली, यावर पुढची दहा पाने खर्ची पडली आहेत. त्यातली एक ओळही आम्हांस वाया गेलेली वाटत नाही. उलगडा होतो तो रात्रीच्या गोंधळात, संबळाच्या तालावर, दिवटीच्या उजेडात. कारण आई तुळजाभवानीचा गोंधळ मोडून उठून जाण्याची छाती त्या मुलखात कोणाला नाही, खुन्यालाही नाही.

आता प्राध्यापक महाशयांकडे वळू.

जानेवारी २०२० मध्ये, १० ते १२ तारखेस, त्यांच्याच आवडीचे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच जिल्ह्याच्या मुख्य गावी भरले होते. गावाचे नाव तेव्हा उस्मानाबाद. धाराशिव हे नाव २०२३ मध्ये अधिकृत झाले. संमेलन ९३वे आणि अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. एक कॅथोलिक धर्मगुरू मराठी सारस्वताच्या मांडवात मानाच्या पाटावर बसला, हे तोवर घडले नव्हते. त्या निवडीला विरोध झाला, निषेधाची पत्रे निघाली, ‘हे आपल्यातले नव्हेत’ असे म्हणणारे पुष्कळ भेटले. वसईपासून मराठवाड्यापर्यंत आपल्या लोकांना तेव्हा काय वाटले ते आम्ही विसरलेलो नाही. फादर २०२४ साली निवर्तले. त्यांनी त्या विरोधाला कटुतेने उत्तर दिले नाही हेही आम्ही विसरलेलो नाही. मग ज्यांनी ‘आपल्यातले नव्हेत’ हे शब्द स्वतःविषयी ऐकले, त्यांनीच दुसऱ्या एका लेखनप्रकाराविषयी ते वापरावेत काय? दाराबाहेर ताटकळलेल्या माणसाने आत शिरताच मागच्याच्या तोंडावर दार लावावे, तशातला हा प्रकार आहे.

पुढचे, म्हणजे ९४वे संमेलन डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला झाले. अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर. विज्ञानकथा हीदेखील एके काळी पोरासोरांची करमणूक समजली जाई; खुद्द नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा स्पर्धेला टोपणनावाने पाठवली होती. धर्मगुरू झाले, वैज्ञानिक झाले. रहस्यकथाकार म्हणून ओळखला जाणारा लेखक मात्र त्या खुर्चीत आजवर कधी बसलेला नाही. बाबूराव अर्नाळकर १९९६ मध्ये वारले. वसई तालुक्यातल्या अर्नाळ्याचे नाव लावणारा हा माणूस हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून गेला. झुंजार आणि काळा पहाड यांनी महाराष्ट्रातल्या किती गिरणी कामगारांना, किती शाळकरी पोरांना आणि किती गृहिणींना वाचनाची गोडी लावली याची मोजदाद कोणी केलेली नाही, कारण ती मोजण्याच्या योग्यतेची कोणाला वाटली नाही. संमेलनामागून संमेलन ‘वाचक कोठे गेला’ असा टाहो फोडते. ज्यांच्यापाशी वाचक होता त्यांना आपण बँडवाल्यांच्या पंगतीला बसवले: सगळ्यांचे झाल्यावर, उरलेले वाढून.

अर्थात सगळ्या रहस्यकथा चांगल्या असतात असे आमचे म्हणणे नाही. पुष्कळशा टाकाऊच असतात. इंग्रजी कथेतला वाडा, त्यातला बर्फ, खानसामा आणि ग्रंथालय जसेच्या तसे उचलून महाबळेश्वरी आणून ठेवणाऱ्या कथा आमच्याकडेही येतात आणि आम्ही त्या परत पाठवतो. खुनी हा दर वेळी घरगडी किंवा परगावचा फिरस्ता निघावा, म्हणजे मांडवातल्या प्रतिष्ठितांची अब्रू शाबूत राहते, हा प्रकार तर आम्हांस चीड आणणारा आहे. पण टाकाऊ कविता येतात म्हणून आम्ही कविता बंद केलेली नाही. केली असती तर या त्रैमासिकाचे वार्षिक झाले असते. असो.

दुसऱ्या हितचिंतकांचा आक्षेप श्रद्धेच्या नावाने आला आहे, तेव्हा त्यांना उत्तरही तिथूनच दिले पाहिजे. आम्ही त्यांना नम्रपणे विनंती करतो की त्यांनी आपल्या घरातील बायबल उघडून जुन्या करारातील तोबितचे पुस्तक काढावे. प्रोटेस्टंट बंधूंच्या आवृत्तीत ते सहसा आढळत नाही. आपल्यात आहे, आणि तरी आपण ते वाचत नाही. त्यात सारा नावाची एक मुलगी आहे. तिचे सात वेळा लग्न झाले आणि सातही वर पहिल्याच रात्री मेले. एका दुष्ट आत्म्याने त्यांना मारले हे वाचकाला ठाऊक आहे. घरच्या दासीने मात्र तिच्या तोंडावर सांगितले की नवरे मारणारी तूच आहेस. पांढऱ्या पायाची म्हणून जिला बोल लावतात ती सून आपल्याला केवळ मराठवाड्यातच दिसते असे नाही. सारा माडीवर जाऊन गळफास घ्यायला निघते, आणि लोक बापाला नावे ठेवतील या विचाराने थांबते. मग आठवा वर येतो, टोबिया. आणि त्या रात्री सासरा काय करतो? नोकरांना उठवून जावयाची कबर खणून ठेवतो! तो मेलाच तर उजाडण्यापूर्वी गुपचूप पुरून टाकू, म्हणजे कोणास कळणार नाही आणि लोक हसणार नाहीत. दासीला दिवा देऊन आत पाठवतात. दोघेही शांत झोपलेले. लगेच हुकूम सुटतो, पहाटेच्या आत खड्डा बुजवा. आणि त्यानंतर दोन बैल, चार मेंढे आणि चौदा दिवसांची जेवणावळ.

हे वाचून ज्याला हसू येत नाही त्याने ते नीट वाचलेले नाही असे आम्ही म्हणू. आणि ज्याला नुसतेच हसू येते त्यानेही नाही. विवाहाच्या रात्री कबर, तिच्या काठी उभा असलेला अब्रूला जपणारा यजमान, आणि आत एक मुलगी, जिच्यावर सात मरणांचा ठपका आहे. पवित्र शास्त्राला हा प्रसंग लिहिताना संकोच वाटला नाही. आम्हांला का वाटावा?

रहस्यकथेचे आणि धर्मगुरूंचे नाते तर आणखी जुळते आहे. चेस्टरटन यांनी फादर ब्राऊन हे पात्र निर्माण केले. त्याच्या कथांचा पहिला संग्रह १९११ सालचा. बुटका, गोल चेहऱ्याचा, छत्री विसरणारा हा धर्मगुरू मोठमोठ्या चोरांना हरवतो, कारण पापनिवेदन ऐकून ऐकून माणूस काय काय करू शकतो हे त्याला पोलिसांहून अधिक ठाऊक असते. ज्या फादर जॉन ओ’कॉनर यांच्यावरून लेखकाला हे पात्र सुचले, त्यांनीच पुढे १९२२ मध्ये चेस्टरटन यांना कॅथोलिक चर्चमध्ये सामावून घेतले. दुसरे उदाहरण रोनाल्ड नॉक्स यांचे. तेही धर्मगुरू. त्यांनी एकट्याने सबंध बायबल इंग्रजीत आणले. नवा करार १९४५ मध्ये निघाला. त्याच हाताने त्यांनी खुनाच्या कादंबऱ्याही लिहिल्या, आणि १९२९ साली रहस्यकथेसाठी चक्क दहा आज्ञा घालून दिल्या. गुन्हेगाराची ओळख वाचकाला आरंभीच झालेली असावी. भुयार एकाहून अधिक असू नये. योगायोगाने गुप्तहेराचे काम सोपे होऊ नये. सापडलेला प्रत्येक दुवा वाचकापुढे मांडला पाहिजे. आणि दैवी वा अतिमानुष कारण चालणार नाही. चमत्कारांना रहस्यकथेत मज्जाव केला तो एका धर्मगुरूने! (तोबितचे पुस्तक या शेवटच्या नियमावर नापास होते, नॉक्स यांनी त्याचेही भाषांतर निमूटपणे केले.) देवाच्या नावावर माणसाचे कृत्य खपवू नये, हाच त्या आज्ञेचा अर्थ आम्ही घेतो. ‘देवाची इच्छा’, ‘काळ आला होता’, ‘भोग सरले’ या शब्दांनी आपण किती मरणे झाकून टाकतो याचा विचार आमच्या श्रद्धाळू मित्रांनी करावा.

आणि आता आम्हांला जे खरोखर बोलावयाचे आहे त्याकडे येतो. आमच्या पिढीने मराठी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे एक वाक्य वाचले: स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली. दोन ओळी, आतल्या पानावर. तो स्टोव्ह फक्त सुनेच्याच हातात कसा भडकतो, सासूच्या हातात का नाही, हे ना बातमीदाराने विचारले ना वाचकाने. स्टोव्ह गेले, गॅस आला. मग पाय घसरून विहिरीत पडली असे छापून येऊ लागले. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. छळाविरुद्धचे ४९८-अ हे कलम १९८३ मध्ये आले, हुंडाबळीचे ३०४-ब हे कलम १९८६ मध्ये. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद नव्या न्याय संहितेत ८५ आणि ८० या कलमांखाली आहे. लग्नानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेला संशयास्पद मरण आले तर शवविच्छेदन झालेच पाहिजे, असेही १९८३ मध्ये कायद्यात घालावे लागले. याचा अर्थ इतकाच की त्यापूर्वी समाज विचारत नव्हता, म्हणून कायद्याला विचारणे भाग पडले. आणि आजही कायद्याच्या आधी गावात बैठक बसते. बैठकीत ठरते: पोरीच्या पाठच्या बहिणीचे लग्न व्हायचे आहे, आता वाढवू नका.

आधी अक्षता पडू द्या.

ज्या घरगुती रहस्यकथेला आमचे मित्र हलकी समजतात, तिचा पहिलाच नियम असा की कोणाचेही मरण ‘चक्कर येऊन पडला’ एवढ्यावर मिटवायचे नाही. मेलेला माणूस लबाड असेल, आक्काच्या मध्यस्थासारखा दोन्हीकडून पैसे खाणारा असेल. तरी तो कसा मेला हे विचारल्यावाचून कथा पुढे सरकत नाही. शेवटच्या पानापर्यंत त्याच्यासाठी कोणी ना कोणी झटत असते. वर्तमानपत्रातल्या त्या दोन ओळींतील विवाहितेच्या वाट्याला एवढे तरी आले काय? मग अधिक क्रूर कोण, चाळीस पाने एका मरणाचा पिच्छा पुरवणारी विनोदी कथा, की दोन ओळींत ते उरकणारे गंभीर जग?

राहिला हसण्याचा प्रश्न. हसतो कोणाला, हे पाहावे. आमच्या लेखिकेने प्रेताला एकदाही हसवलेले नाही; कोठीतल्या त्या मृत माणसाच्या फाटक्या चपलेचे वर्णन आहे तिथे कथेचा सूर एकाएकी उतरतो. हसू येते ते चिंचेखालच्या रुसव्याला, कुलपाच्या किल्लीला, हुंडा न घेणारे म्हणून मिरवून ‘मुलीच्या हौसेखातर’ मोटारसायकल मागणाऱ्या व्याह्यांना. हे हसू आपल्या लग्नांवर पडले तर बिघडले कुठे? आपल्या कॅथोलिक मांडवांतही मोठेपणा काही कमी नसतो. वाजंत्री, वाहने आणि पक्वान्ने यांच्या कर्जात पुढची पाच वर्षे बुडालेली घरे आम्ही पाहिली आहेत. हुंड्याला आपण दुसरे नाव देतो एवढेच. विवाह-संस्काराचे पावित्र्य विनोदाने भंगते असे ज्यांना वाटते, त्यांनी ते पावित्र्य त्या कर्जाने भंगत नाही काय, याचेही उत्तर द्यावे.

कान्याच्या लग्नाचा वृत्तान्त आपण दरवर्षी ऐकतो. द्राक्षारस कोठून आला हे भोजनप्रमुखाला ठाऊक नव्हते. पाणी काढणाऱ्या चाकरांना ठाऊक होते. योहानाने हे मुद्दाम नोंदवून ठेवले आहे. मांडवाच्या कडेला उभ्या असणाऱ्यांना आत काय चालले आहे ते नेहमीच अधिक दिसते. आक्काला कोपऱ्यात बसवले ते अशुभ म्हणून, आणि त्याच कोपऱ्यातून तिला सगळा मांडव दिसतो. ज्यांनी तिला बाजूला सारले त्यांना आपणच आपल्यावर साक्षीदार नेमला हे शेवटपर्यंत उमगत नाही. विधवेच्या अपमानावर आमच्याकडे डझनभर सात्त्विक कथा आल्या आहेत. त्यांपैकी एकीनेही ही गोष्ट इतक्या नेमकेपणाने सांगितलेली नाही.

उस्मानाबादच्या त्या संमेलननगरीला संत गोरोबाकाकांचे नाव दिले होते. गोरोबा जवळच्याच तेरचे. त्यांची कथा सर्वश्रुत आहे: संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने विचारले, हे थापटणे कशाचे? मडके भाजले आहे की कच्चे, हे पाहण्याचे. मग आमच्यातले कच्चे कोण ते पाहा. आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत फेरी घातली. बाकीचे गप्प बसले. नामदेव मात्र चिडले, आणि मडके कच्चे ठरले. जमलेल्या सगळ्यांना एका खोलीत बसवून प्रत्येकाला हलकेच ठोकून पाहणे आणि कोण कसा वाजतो यावरून निदान करणे, ही युक्ती इंग्रज गुप्तहेरांच्या पुष्कळ आधी तेरच्या एका कुंभाराला साधली होती. आमच्या लेखिकेने गोंधळाच्या रात्री आक्काकडून नेमके हेच करवले आहे. तिला गोरोबांची कथा मनात होती की नाही, हे आम्ही पत्राने विचारले. तिने लिहिले की तेर तिच्या आजोळच्या वाटेवर आहे. उत्तर पुरेसे आहे.

कथेत एक दोष होता आणि तो सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. उलगडा झाल्यावर आक्का हुंड्यावर दीड पान बोलत होती. भाषण चांगले होते. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याला बक्षीसही मिळाले असते. आम्ही ते गाळण्याची विनंती केली. आक्का आता नुसती वही मिटते आणि उरलेला भात कोणाच्या घरी पाठवायचा ते विचारते. लेखिकेला हा बदल प्रथम रुचला नव्हता. नंतर तिने स्वतःच आणखी चार ओळी काढून टाकल्या.

प्राध्यापक महाशयांनी आपला आक्षेप लेखी दिला आहे. तो आम्ही कथेच्या जोडीनेच, एकही शब्द न बदलता छापणार आहोत. वर्गणीदार मित्रांनी अंक बंद करण्याविषयी लिहिले होते; त्यांना आम्ही तोबितच्या पुस्तकातील अध्याय ३ आणि ८ कळवले असून उत्तराची वाट पाहत आहोत. कथा पुढील अंकात संपूर्ण येईल. खुनी कोण अशी विचारणा करणारी पत्रे तोवर पाठवू नयेत. शेवटची चार पाने आम्ही अजून मुद्रितशोधकांच्याही हाती दिलेली नाहीत.